सेल्फ-चेकआउट म्हणजे वेगळे दुकान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपरमार्केटांत, ग्राहक भांडारांत आणि मॉलमधल्या फूड कोर्टात ग्राहकाने स्वतःच माल स्कॅन करून पैसे भरायची यंत्रे आता दिसू लागली आहेत. रांग कमी होईल म्हणून ती बसवली जातात आणि पुष्कळ ठिकाणी काही महिन्यांतच त्यांच्यावर ‘बंद आहे, कृपया काउंटरवर यावे’ असा कागद चिकटतो. मग दोष ग्राहकाच्या सवयीवर किंवा नेटवर ढकलला जातो. खरे दुखणे निराळेच असते. दुकानाचे बिलिंग सॉफ्टवेअर एका कंपनीचे, किऑस्क, म्हणजे ग्राहकासमोरचे हे यंत्र, दुसऱ्या कंपनीचा, स्वाइप मशीन बँकेचे, वजनकाटा गल्लीतल्या विक्रेत्याकडून घेतलेला. आणि या चौघांनी एकमेकांशी काय बोलायचे, हे कुणी कुठे लिहूनच ठेवलेले नसते. अशा जोडण्यांचे काम आमचे रोजचे आहे. दुकानदार आणि ग्राहक या दोघांच्याही उपयोगाचे म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिला प्रश्न एकच विचारायचा: बिल कोण बनवतो? स्वस्तातल्या जोडणीत रात्री बिलिंग सॉफ्टवेअरमधून मालाची यादी काढून किऑस्कमध्ये भरतात. दिवसभर किऑस्क आपल्या मनाने बिले करतो आणि संध्याकाळी त्याची विक्री परत मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ओततात. म्हणजे एकाच छपराखाली दोन दुकाने, दोन भाव आणि दोन स्टॉक. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ सगळे गेले. मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी, एकाच जागी असेल तर असा बदल एका जागीच करावा लागतो. जिथे किऑस्कची यादी वेगळी असते, तिथे काउंटरवर ५ टक्के आणि चार पावलांवरच्या यंत्रावर १२ टक्के असा प्रकार व्हायला एक विसरलेली फाइल पुरते.

योग्य जोडणीत किऑस्कला भाव माहीतच नसतो. तो स्कॅन झालेला कोड दुकानातल्या सर्व्हरकडे, म्हणजे मुख्य संगणकाकडे, पाठवतो. नाव, भाव, सवलत, कर आणि एकूण रक्कम हे सगळे तिकडून येते आणि किऑस्क ते फक्त दाखवतो. थोडक्यात, किऑस्क हा कॅशियर नसलेला काउंटर क्रमांक सात. ‘पण नेट गेले की बंद पडेल ना?’ असे विक्रेते म्हणतात. दुकानातल्या सर्व्हरपर्यंत जायला बाहेरचे नेट लागत नाही, साधी लॅन केबल लागते. केबलच टाकावी. वायफायवर किऑस्क चालवणे म्हणजे शनिवारी संध्याकाळी, दुकानात दोनशे मोबाइल असताना, रखडायची हमी.

सवलतीचा हिशोब दोन ठिकाणी केला की काय होते ते पाहा. ११८ रुपयांची वस्तू, त्यात १८ टक्के कर धरलेला, वर १० रुपयांचे कूपन. एक सॉफ्टवेअर एकूण किमतीतून १० वजा करते: ग्राहक १०८ देतो, त्यात करपात्र रक्कम ९१.५३ आणि कर १६.४७. दुसरे आधी कर सोडवून १०० मधून १० वजा करते: ९० अधिक १६.२०, म्हणजे १०६.२०. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या परीने बरोबर, पण एका बिलामागे १ रुपया ८० पैशांचा फरक. महिन्याच्या शेवटी टॅलीत तो फरक शोधत बसायचे काम अकाउंटंटच्या गळ्यात. पैशांच्या राउंडिंगचेही तसेच. काउंटर रुपयापर्यंत पूर्ण करतो आणि किऑस्क १०६.२० चा क्यूआर काढतो. कुठलाही एक नियम चालेल, दोन चालणार नाहीत.

आता आपल्याकडचा खास गुंता, जो परदेशातून आणलेल्या सॉफ्टवेअरला ठाऊकच नसतो: एका बारकोडला दोन एमआरपी. कंपनीने साबणाचा भाव ४५ वरून ४८ केला तरी ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी कोड बहुधा तोच राहतो. रॅकवर जुना माल पुढे, नवा मागे. काउंटरवर स्कॅन केल्यावर कॅशियरसमोर चौकट उघडते, तो पुडा उलटा करून पाहतो आणि योग्य एमआरपी निवडतो. हे त्याला इतके अंगवळणी पडलेले असते की किऑस्क घेताना कुणाला आठवतही नाही. मग यंत्र मुकाट्याने शेवटचा भाव, म्हणजे ४८ लावते आणि ४५ छापलेला पुडा ४८ ला विकला जातो. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणे हा वैधमापन (वजने-मापे) कायद्याखाली गुन्हा आहे. ‘यंत्राने लावला’ ही सबब चालत नाही.

यावर तीन उपाय आहेत. ग्राहकालाच मोठ्या अक्षरांत विचारायचे, ‘पाकिटावर कोणता भाव छापला आहे?’, आणि खाली दोन बटणे द्यायची. किंवा शंका असेल तिथे कमी भाव लावायचा आणि तीन रुपये सोडून द्यायचे. किंवा माल उतरवतानाच नव्या बॅचला दुकानाचे स्वतःचे लेबल लावायचे. आमच्या मते महाग मालाला तिसरा आणि बाकीच्याला दुसरा उपाय बरा. पहिला कागदावर छान दिसतो, पण हातात तीन पिशव्या आणि कडेवर मूल असलेला माणूस पुडा उलटा करून भाव वाचत बसत नाही, वरचे बटण दाबून मोकळा होतो.

लूज मालात चूक आणखी मोठी होते. कांदे-बटाट्यांवर काट्याचे जे लेबल चिकटवतात, त्याचा कोड २० ते २९ यांपैकी आकड्यांनी सुरू होतो. हे आकडे जगभर दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत आणि पुढचे आकडे कसे वाचायचे ते प्रत्येक दुकानाने ठरवायचे असते. समजा लेबल आहे २१००४१७०१२५०९. पहिले दोन आकडे खूण, पुढचे पाच मालाचा कोड, त्यापुढचे पाच ‘०१२५०’ आणि शेवटचा ९ हा तपासणीचा आकडा. हे ०१२५० म्हणजे काय? वजन धरले तर १ किलो २५० ग्रॅम. ४८ रुपये किलोचा कांदा असेल तर ६० रुपये. किंमत धरली तर १२ रुपये ५० पैसे. काटा वजन छापतो आणि किऑस्क किंमत समजतो, अशी जोडी जमली की साठचा कांदा साडेबाराला जातो. तपासणीचा आकडा दोन्ही वाचनांत बरोबरच येतो, त्यामुळे यंत्राला काही वावगे वाटत नाही. काट्याच्या सेटिंगमधला लेबलचा साचा कागदावर उतरवून तोच किऑस्कवाल्याला देणे, एवढाच उपाय आहे आणि तो पाच मिनिटांचा आहे.

किऑस्कवरच वजन करायचे असेल तर काटा वैधमापन विभागाने पडताळून मुद्रांकित केलेला हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचे हे काम दरवर्षी करावे लागते. पिशवी ठेवायच्या जागेखालचा काटा वेगळा. तो फक्त स्कॅन केलेलीच वस्तू पिशवीत गेली की नाही ते पाहतो. त्यावरून भाव काढता येत नाही. या दुसऱ्या काट्यामुळेच ‘अनोळखी वस्तू आढळली’ हा कुप्रसिद्ध संदेश येतो. कारणे साधी आहेत. ग्राहक घरून कापडी पिशवी आणतो, तिचे वजन शंभर-दीडशे ग्रॅम; ‘मी माझी पिशवी ठेवली’ असे बटण देऊन तेवढे वजन शून्य धरावे लागते. एकाच मालाच्या दोन पाकिटांच्या वजनात थोडा फरक असतोच, म्हणून सगळ्या मालाला सरसकट २० ग्रॅमची सूट देण्यापेक्षा पाच किलोच्या आट्याला जास्त आणि मसाल्याच्या पुडीला कमी, अशी वजनाच्या प्रमाणात द्यावी. आणि एसीचा झोत थेट काट्यावर येत असेल तर आधी किऑस्क सरकवावा, सॉफ्टवेअरला मग हात लावावा.

आता पैशांचे. ग्राहकाच्या मोबाइलवर हिरवी खूण येते, खात्यातून रक्कम जाते आणि यंत्र म्हणते, ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा.’ तो पुन्हा भरतो. बिल एक, पैसे दोनदा. ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि बहुतेक वेळा बँकेचा त्यात काही दोष नसतो. क्यूआर पाच मिनिटे चालू राहतो, पण किऑस्क मात्र साठ सेकंदच थांबतो. मधे फोन आला, पिन चुकला, म्हणून ग्राहकाने सत्तराव्या सेकंदाला पैसे भरले. तोवर किऑस्कने नवा संदर्भ क्रमांक घालून नवा क्यूआर दाखवलेला असतो. जुन्या क्यूआरवर आलेले पैसे कुठल्याच बिलाला लागत नाहीत.

नियम असा की ज्याच्या उत्तराची वाट पाहायची, त्या क्यूआर किंवा स्वाइप मशीनपेक्षा वाट पाहणाऱ्या किऑस्कने जास्त वेळ थांबले पाहिजे. क्यूआरची मुदत तीन मिनिटे ठेवली तर किऑस्कने साडेतीन मिनिटे तरी थांबावे. स्वाइप मशीनचा प्रतिसाद ९० सेकंदांपर्यंत येऊ शकत असेल तर किऑस्कने १२० सेकंद थांबावे. आणि वेळ संपणे म्हणजे पैसे न येणे नव्हे, हे सॉफ्टवेअरला शिकवावे लागते. ‘आले’ आणि ‘आले नाहीत’ यांच्याबरोबर ‘अजून कळले नाही’ ही तिसरी अवस्था ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, ते दुकानात बसवूच नये.

प्रत्यक्ष क्रम असा हवा. पैसे मागण्याआधी प्रिंटरमध्ये कागद आहे का ते तपासायचे. पैसे घेतल्यावर कागद संपल्याचे कळून उपयोग नाही. मग सौद्याला एक क्रमांक देऊन ‘पैसे मागितले’ अशी नोंद दुकानाच्या सर्व्हरवर पक्की करायची, आणि त्यानंतरच त्या क्रमांकाचा आणि नेमक्या रकमेचा डायनॅमिक (दर बिलाला नवा) क्यूआर काढायचा. पैसे आल्याचा निरोप पेमेंट कंपनीकडून, दुकानाच्या यंत्रणेने तिला कळवून ठेवलेल्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर येतो, थेट किऑस्कवर नाही. तो वाटेत अडकू शकतो. म्हणून निरोपाची वाट पाहत असतानाच अधूनमधून आपणहून स्थिती विचारत राहायचे. तरीही उत्तर आले नाही तर त्या बिलाचा दुसरा क्यूआर काढायचा नाही. ‘पेमेंट तपासणीत’ अशी क्रमांकासह चिठ्ठी छापायची आणि तेच बिल काउंटरच्या पडद्यावर दिसू द्यायचे. पैसे उशिरा आले तर बिल आपोआप पुरे होते. ग्राहक निघून गेला असेल तर परतावा त्याच क्रमांकावर जातो. वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले की पहिले काम लटकलेला सौदा शोधण्याचे, जाहिरात दाखवण्याचे नाही.

तोच क्रमांक सर्व्हरकडे दोनदा गेला तर काय व्हावे, हेही ठरवून ठेवावे. दुसरे बिल करायचे नाही, पहिल्याच बिलाचे उत्तर परत द्यायचे. केबल क्षणभर हलली तरी किऑस्क तोच निरोप पुन्हा पाठवतो. ही सोय नसेल तर स्टॉकमधून एकच तेलाचा डबा दोनदा वजा होतो.

काही दुकानांत किऑस्कशेजारी छापील क्यूआर आणि साउंडबॉक्स ठेवून वेळ मारून नेतात. ‘दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले’ हे यंत्राला ऐकू येत नाही, शेजारच्या कर्मचाऱ्याला येते. आणि दोन किऑस्कांवर एकाच वेळी २४० चे बिल असले की ते कुणाचे, हे त्यालाही सांगता येत नाही. किऑस्कला छापील क्यूआर लावूच नये. स्वाइप मशीनवरही रक्कम हाताने टाकायची नसते, ती बिलिंगमधूनच गेली पाहिजे. परत येताना मंजुरी क्रमांक, बारा आकडी संदर्भ क्रमांक, मशीनचा टीआयडी (ओळख क्रमांक) आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे एवढे बिलाशी जोडून ठेवायचे. अख्खा कार्ड नंबर कुठेही साठवायचा नाही.

जोडणीच्या तारांबद्दल थोडेसे. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड असल्याचे भासवतात. कर्सर जिथे असेल तिथे आकडे पडतात. ग्राहक मोबाइल नंबर टाकत असताना बिस्किटचा पुडा स्कॅन झाला तर बारकोड मोबाइलच्या चौकटीत. संगणकावर मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर कोडमधली इंग्रजी अक्षरे देवनागरीत उमटतात आणि ‘वस्तू सापडली नाही’ येते. स्कॅनर सीरियल पद्धतीत टाकला, म्हणजे आकडे कीबोर्डसारखे न पडता थेट बिलिंग सॉफ्टवेअरकडे जाऊ लागले, की दोन्ही अडचणी मिटतात; स्कॅनरसोबतच्या पुस्तिकेत त्यासाठीचा सेटिंग कोड असतो. जुने लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाहीत, मोबाइलच्या पडद्यावरचे कूपनही वाचत नाहीत. किऑस्कला इमेजर (कॅमेऱ्यासारखा कोड टिपणाऱ्या) प्रकारचाच स्कॅनर घ्यावा. तसेही २०२७ अखेरपर्यंत दुकानांचे स्कॅनर क्यूआरसारखे द्विमितीय कोड वाचण्याजोगे व्हावेत, असे उद्दिष्ट जीएस-वन या बारकोड संस्थेने जगभर ठेवले आहे. मराठीत बिल हवे असेल, आणि ते असावेच, तर साध्या थर्मल प्रिंटरला देवनागरी अक्षरे पाठवल्यास प्रश्नचिन्हे किंवा कचरा छापला जातो. बिल चित्र म्हणून पाठवावे लागते: ८० मिलिमीटर रोलला ५७६ ठिपके रुंद, ५८ मिलिमीटरला ३८४. छपाई किंचित हळू होते, पण जोडाक्षरे फुटत नाहीत.

बिल क्रमांकाकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष असते. जीएसटीच्या ४६ व्या नियमानुसार तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, क्रमाने यावा आणि आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. मालिका एकापेक्षा जास्त असल्या तरी चालतात. किऑस्कचे सॉफ्टवेअर बिलाला ३६ अक्षरांचा संगणकी आयडी देत असेल तर तो आतल्या वापराला ठेवावा आणि छापील बिलावर त्या किऑस्कच्या स्वतंत्र मालिकेतला क्रमांक द्यावा. काउंटर आणि किऑस्क यांनी एकच मालिका वाटून घेतली की केबल तुटल्याच्या दिवशी एकाच क्रमांकाची दोन बिले निघतात. दिवस बंद करायची वेळही एकच ठेवावी. काउंटर साडेदहाला डे-एंड करतो आणि किऑस्क मध्यरात्री, मग त्या दीड तासाची विक्री दोन अहवालांत दोन तारखांना दिसते. ३१ मार्चला याची किंमत कळते.

परतीचा माल ही सगळ्या जोडणीची खरी परीक्षा. किऑस्कवर घेतलेला प्रेशर कुकर ग्राहक दुसऱ्या दिवशी काउंटरवर परत आणतो. ‘बिल सिस्टिमला दिसत नाही’ हे उत्तर मिळाले की समजावे, दोन दुकाने वेगळीच राहिली आहेत. बिल तिथेच उघडले पाहिजे, मूळ पेमेंटचा संदर्भ त्यात असला पाहिजे आणि पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत गेले पाहिजेत.

उपकरणांच्या जोडणीसाठी ओपीओएस आणि जावापीओएस ही सर्वमान्य मानके १९९० च्या दशकापासून आहेत. युरोपात बिलिंग आणि कार्ड मशीन यांच्या संवादासाठी नेक्सो या संस्थेचे मानक वापरतात. आपल्याकडे मात्र स्वाइप मशीन देणाऱ्या प्रत्येक कंपनीचा निरोपाचा साचा वेगळा आणि तो मागितला की ‘गोपनीय’. बँक बदलली की जोडणीचा खर्च पहिल्यापासून. व्यापारी संघटनांनी किऑस्कच्या सवलतीच्या दरांपेक्षा या मुद्द्यावर घासाघीस करावी. ऑर्डर देतानाच निरोपांचे लेखी वर्णन, आपल्या विक्रीचा डेटा आपल्याला वाचता येण्याचा हक्क आणि दुकानात घ्यायच्या चाचण्यांची यादी करारात यावी. चाचण्या अशा: पैसे भरल्यानंतर लगेच केबल काढा, पिन टाकताना यंत्राची वीज घालवा, दोन एमआरपीचा साबण स्कॅन करा, काट्याचे लेबल दाखवा, रोल संपवून बघा, किऑस्कचे बिल काउंटरवर परत करा. हे सगळे एका दुपारीत होते. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर शेवटचा हप्ता हातात ठेवावा. आणि दिवाळीच्या पंधरवड्यात कुणीही नवा किऑस्क सुरू करू नये.

ग्राहकांसाठी एक गोष्ट. खात्यातून पैसे गेले पण दुकानाला पोचल्याचे कळले नाही, अशा व्यवहारात यूपीआय असो वा कार्ड, व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती तक्रारीची वाट न पाहता द्यायची आहे. रिझर्व्ह बँकेचे हे परिपत्रक २० सप्टेंबर २०१९ चे आहे. पण पैसे दुकानाच्या खात्यात पोचले आणि फक्त किऑस्कने बिल दिले नाही, तर हा नियम लागू होत नाही; ते पैसे दुकानानेच परत करायचे असतात. म्हणून यंत्राने दुसऱ्यांदा पैसे मागितले तर भरू नका. मोबाइलवरचा बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक दाखवून काउंटरवर बिल मागा. जोडणी नीट असेल तर ते तिथे आधीच दिसत असते.

आपले,
बिलिंग यंत्रणांच्या जोडणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे